सत्तावीस गुण आणि भिजून गेलेले पोहे

इंदूरच्या सुदामानगरमधून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्यांच्या सासूबाई ७१ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. चार महिन्यांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा हलका झटका आला. हातपाय सावरले, बोलणं स्वच्छ आहे, जुन्या गोष्टी तारीखवार सांगतात, हरिपाठ तोंडपाठ आहे. दवाखान्यात घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी २७ गुण मिळाले. घरात मात्र पोहे भिजवून ठेवतात आणि तासाभराने त्यांचा लगदा झालेला सापडतो. भाजी अर्धी चिरून राहते. एकदा पाणी न घालताच कुकर चढवला. पेपरवाल्याला एका महिन्याचे पैसे दोनदा दिले. सकाळची गोळी कधी दोनदा घेतात, कधी राहून जाते. ‘करते गं’ म्हणतात आणि बसून राहतात. ताईंचे यजमान म्हणतात, ‘रिपोर्ट चांगला आहे, तू उगाच मागे लागतेस.’ पुण्याच्या नणंदबाई म्हणतात, ‘फोनवर आई अगदी छान बोलते.’ ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने, सुचवलं की सासूबाईंना एकदा चहा-पोहे करताना मला पाहू द्या. त्यावर सासूबाई दुखावल्या: ‘चाळीस वर्षं या घराला करून घातलं, आता माझी परीक्षा?’ यजमानांचं म्हणणं, चहा करून दाखवायला पैसे कशाला द्यायचे? ताई सकाळी साडेनऊला नोकरीवर जातात आणि तीनला परततात. त्या विचारतात: सासूबाई हे मुद्दाम करतात का? ही तपासणी करावी का? स्वयंपाकघर त्यांच्यासाठी बंद करावं का? नोकरी सोडावी का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात ‘मुद्दाम’ हा शब्द तीनदा आला आहे. तिसऱ्यांदा तो लिहून तुम्ही खोडला आहे, तरी वाचता येतो. तुम्हाला स्वतःलाही तो टोचतोय, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

तुमचा तर्क मला कळतो. मेंदू तपासला, २७ गुण आले, म्हणजे मेंदू ठीक. मेंदू ठीक असूनही काम होत नाही, म्हणजे मन नाही. यातली पहिली पायरीच डळमळीत आहे. २७ हा आकडा खोटा नाही. पण तो कोणत्या प्रश्नांचा आहे, हे घरात कुणी विचारलेलं दिसत नाही.

अशा झटपट चाचण्यांमध्ये दोन फार वापरल्या जातात. एक १९७५ सालची ‘मिनी मेंटल’ (एमएमएसई) आणि दुसरी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘मोका’ (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट). दोन्ही ३० गुणांच्या, दोन्ही दहा-पंधरा मिनिटांत होणाऱ्या. तुमच्याकडे कोणती झाली, ते कागदावर पाहा, कारण मिनी मेंटलमध्ये कामाची आखणी जवळजवळ तपासलीच जात नाही. मोकामध्ये थोडी तपासली जाते. अशा चाचण्यांतले प्रश्न साधारण असे: आज वार कोणता, आपण कुठे आहोत, तीन-पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा, हे काय आहे सांगा, ही आकृती काढा. आयुष्यभर मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकवलेल्या बाईंना हे प्रश्न जड जायचं कारण नाही. उलट शाळा न पाहिलेल्या आजी याच प्रश्नांत मेंदू शाबूत असूनही अडखळतात. म्हणून तर हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांना १९९५ च्या सुमारास मिनी मेंटलचा वेगळा हिंदी अवतार तयार करावा लागला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या खोलीत घडते. तिथे प्रश्न दुसरं कुणीतरी विचारतं. कधी सुरू करायचं, पुढे काय, कधी थांबायचं, हे समोरची व्यक्ती ठरवते. सासूबाईंना फक्त उत्तर द्यायचं असतं. तुमच्या ओट्याशी त्यांना ‘आता कांदा घ्या’ असं कोण सांगतं?

पोह्यांचंच पाहू या. इंदूरच्या घरात पोहे कुणी ‘काम’ धरत नाही, ते हातातले असतात. तरी नीट बघा. पोहे धुऊन चाळणीत निथळत ठेवायचे आणि ते मऊ पडतायत तोवर कांदा, मिरची, कोथिंबीर चिरून व्हायला हवी. म्हणजे एक घड्याळ डोक्यात चालू ठेवून हात दुसरीकडे वळवायचे. तेल तापलं का पाहायचं, मोहरी तडतडली की बडीशेप टाकायची, हळद जळायच्या आत पोहे पडायला हवेत. मीठ घातलं की नाही हे आठवायचं, साखर चिमूटभरच. वाफ येईपर्यंत थांबायचं, पण दूर जायचं नाही. आणि नेमकी त्याच वेळी दारात कचरागाडी गाणं वाजवत येते. ओला डबा कोणता, सुका कोणता हे बघून बाहेर जायचं आणि परत आल्यावर ‘मी कुठे होते’ हे सापडायला हवं. शेव आणि जिरावण ही तर शेवटची गोष्ट.

यात स्मरणशक्तीचा वाटा लहान आहे. सुरुवात करणं, क्रम लावणं, दोन गोष्टी एकत्र सांभाळणं, धोका ओळखणं, मध्येच तुटलेला धागा पुन्हा धरणं आणि काम संपवणं यांचा वाटा मोठा. झटका लहान असला तरी नेमकं हेच दुखावलेलं राहू शकतं, आणि भाषा, जुन्या आठवणी, पाठांतर जसंच्या तसं टिकतं. हरिपाठ ओळीने येतो, कारण एक ओळ पुढच्या ओळीला ओढून आणते. पोह्यांना तसं ओढणारं कुणी नसतं.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. १९९१ मध्ये शॅलिस आणि बर्जेस या दोन संशोधकांनी मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या तीन रुग्णांविषयी लिहिलं. टेबलावरच्या बऱ्याच चाचण्यांत ते चांगले होते, बुद्ध्यांकही उत्तम होता. त्यांना लंडनच्या बाजारात पाठवलं: या काही वस्तू आणा, ही माहिती काढा, हे साधे नियम पाळा. तिथे कामं अर्धवट राहिली, नियम मोडले गेले, गोंधळ उडाला. तेव्हापासून ‘रस्त्यावर पाठवून पाहा’ ही तपासणीची एक रीतच झाली. मीही अशा तपासण्यांचं काम करत असताना असे एक गृहस्थ पाहिले. हिशेबात तरबेज, चाचणीत पैकीच्या पैकी. सियागंजला किराणा आणायला गेले की तीन तासांनी फक्त सुपारी घेऊन परत यायचे. घरचे त्यांच्यावर ओरडायचे. मला आजही वाईट वाटतं ते त्या ओरडण्याचं.

आता ‘करते गं’ म्हणून बसून राहण्याकडे येऊ. सर्वांत जास्त आळसासारखं दिसतं ते हेच. हेतू मनात असतो, पण तो हातापर्यंत पोचवणारी पहिली ढकल मिळत नाही. तुम्ही कांदा-सुरी समोर ठेवून म्हणालात, ‘आई, हा चिरता का?’ तर बहुधा त्या लगेच चिरतील. मग तुम्हाला वाटणार, बघा, येतं की! येतंच. सुरू करता येत नाही. कधी जमतं, कधी नाही, यानेही संशय बळावतो. पण थकवा, रात्रीची झोप, घरातला गडबडगोंधळ यांनी दुखावलेल्या मेंदूचं काम दिवसागणिक बदलतं.

एक सावधगिरी मात्र घ्या. बसून राहण्याचं दुसरं कारण उदासी असू शकतं. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि ते उपचाराने सुधारतं. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, कमी ऐकू येणं, लघवीचा संसर्ग, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनीही डोकं असंच मंद चालतं. हे थेरपिस्टकडे जायच्या आधी किंवा सोबतच डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि गोंधळ हळूहळू न वाढता अचानक वाढला, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर कुणाचंही मत न विचारता १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

तुमच्या यजमानांचा प्रश्न: चहा करून दाखवायला पैसे कशाला? रागावू नका, प्रश्न प्रामाणिक आहे. हा काही नवा प्रकार नाही. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी देशातला ऑक्युपेशनल थेरपीचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. मराठीत याला ‘व्यवसायोपचार’ म्हणतात, आणि त्या शब्दामुळे लोकांना नोकरी-धंदा आठवतो. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं. अंघोळ, पूजा, पोहे, बँकेची स्लिप, नातवाचा डबा.

थेरपिस्ट चहाची चव बघणार नाही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेली एक तपासणी आहे. तिच्यात सोपा स्वयंपाक, फोन करणं, औषधं घेणं आणि बिल भरणं अशी चार कामं पाहतात. मला त्या तपासणीतली गुण द्यायची पद्धत फार मोलाची वाटते. आलं की नाही, एवढ्यावर ती थांबत नाही. किती मदतीने आलं, ते मोजते. आधी काहीच बोलायचं नाही. अडलं तर नुसतं विचारायचं, ‘आता पुढे काय?’ तरी अडलं तर बोटाने दाखवायचं. मग सरळ सांगायचं, ‘गॅस बंद करा.’ मग हात लावायचा. अगदीच नाही तर आपण करायचं. सासूबाई कोणत्या पायरीवर चालू लागतात, हे कळलं की तुमचं घर बदलतं. ‘पुढे काय’ एवढ्यानेच काम होत असेल, तर तुम्ही रोज जी सबंध वाक्यं खर्च करता आणि त्यांना जी बोलणी वाटतात, ती लागतच नाहीत. सरळ सूचनेशिवाय होत नसेल, तर त्यांना एकटीला गॅसपाशी सोडणं धोक्याचं आहे, मग गुण २७ असोत की ३०.

मूळ तपासणीत ओटची लापशी करायची असते. तुमच्या सासूबाईंनी ती कधी केली नसेल, तर त्यांची आखणी तपासली जाणार नाही, अनोळखीपणा तपासला जाईल. म्हणून चांगला थेरपिस्ट त्यांच्या हातातलंच काम निवडतो. पदार्थ बदलला की पुस्तकातल्या गुणांशी काटेकोर तुलना करता येत नाही, हे त्यानेही कबूल करावं. तुम्हाला इथे गुणांची गरज नाही, निरीक्षणाची आहे. शक्य असेल तर हे घरीच करायला सांगा. दवाखान्यातला ओटा परका, लायटर वेगळा, डबे कुठे माहीत नाहीत. घरी चाळीस वर्षांची सवय हात धरून नेते, त्यामुळे त्या घरी जास्त चांगलं करतील. पण तुम्हाला जाणून घ्यायचं आहे ते याच घराबद्दल. थेरपिस्ट शोधताना बीओटी किंवा एमओटी (ऑक्युपेशनल थेरपीतली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी) आहे का, आणि झटका आलेल्या ज्येष्ठांसोबत काम केलंय का, हे विचारायला संकोचू नका.

सासूबाईंचा अपमान झाला, आणि मी त्यांच्या बाजूने आहे. ज्या माणसाची ओळख एका कामातून बनली, त्याला ते काम ‘करून दाखव’ म्हणणं लागतंच. त्यांनी आयुष्यभर परीक्षा घेतल्या आहेत. परीक्षा म्हणजे कुणीतरी नापास होणार, हे त्यांना तुमच्या-माझ्याहून जास्त माहीत. तेव्हा ‘पाहुण्या येणार आहेत, जरा पोहे करा’ असं खोटं सांगून थेरपिस्टला घरात आणू नका. कळल्यावर त्यांचा तुमच्यावरचाच नाही, थेरपिस्टवरचाही विश्वास उडेल. आणि हे तुम्ही विचारू नका. त्यांच्या मुलाने विचारावं. सुनेच्या तोंडून आलेला प्रश्न आपल्या घरांत सत्तेचा होतो, तुमची इच्छा असो वा नसो. त्याने एवढं म्हणावं: ‘आई, दवाखान्यात त्यांनी हात पाहिला, पाय पाहिला. काम करताना तुला कुठे अडतं ते कुणी पाहिलंच नाही. तुला स्वतःला कुठे अडतंय असं वाटतं?’ आणि मग गप्प राहावं. सासूबाईंना अडतं हे बहुधा माहीत असेल. लगदा झालेले पोहे त्यांनीही पाहिले आहेत. त्या नाही म्हणाल्या, तर आठवडाभर थांबा आणि पुन्हा विचारा. त्यांची संमती लागते. मनाविरुद्ध केलेल्या तपासणीत भीतीच मोजली जाते.

इथे मला इतर वाचकांनाही एक सांगायचं आहे. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी रोजच्या गुंतागुंतीच्या कामांची आठ कलमांची जी यादी केली, तिच्यात फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे, प्रवास, औषधं आणि पैसे होते. पुरुषांना गुण देताना तिच्यातला स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं वगळत असत. आपल्याकडे आजही मनातल्या मनात तेच होतं. सासूबाईंची चूक दिवसातून तीनदा ताटात दिसते. सासऱ्यांची महिनोन्‌महिने दिसत नाही, कारण ते काही करतच नसतात. घरात वडील किंवा सासरे असतील तर त्यांचं पासबुक, विजेचं बिल, गोळ्यांची पाकिटं आणि स्कूटरवरचे ओरखडे बघा.

स्वयंपाकघर बंद करू नका. पण सगळं जसंच्या तसंही चालू ठेवू नका. चुकांचे दोन ढीग करा. लगदा झालेले पोहे, अर्धी भाजी, पेपरवाल्याचे जादा पैसे हा नुकसानीचा ढीग. त्याला वेळ आहे. कोरडा कुकर आणि दोनदा घेतलेली गोळी हा धोक्याचा ढीग, तो आजच हाताळा. झटक्यानंतर अनेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी असते. तिचे दोन डोस ही साधी चूक नाही. कप्प्यांची साप्ताहिक डबी आणा, ती रविवारी मुलाने भरावी, सकाळचा कप्पा सासूबाईंनी तुमच्यासमोर रिकामा करावा आणि डबी कपाटात जावी. तुम्ही निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइपच्या गॅसचा कॉक बंद करा, त्यांना सांगून. ‘तपासणी होईपर्यंत एवढं करू या आई’ असं म्हणा. गुपचूप बंद केलेला गॅस त्या लायटरने पुन्हा पुन्हा पेटवायला बघतील आणि स्वतःवरच शंका घेतील. इंडक्शन लगेच आणू नका. नवं यंत्र शिकणं हेच सध्या त्यांना सर्वांत जड असेल.

तुम्ही घरी असता तेव्हा ओटा त्यांचा. तुम्ही फक्त सुरुवात लावून द्या. चाळणी, पोहे, कांदा, सुरी एका ताटात काढून ठेवा. पोह्यांच्या पायऱ्या त्यांनाच त्यांच्या सुंदर अक्षरात लिहायला सांगा आणि कागद ओट्याच्या वर चिकटवा. अडल्या तर मनात दहा आकडे मोजा, मगच ‘आता पुढे काय?’ एवढंच विचारा. ते दहा आकडे फार कठीण असतात, ताई. ऑफिसला उशीर होत असताना तर फारच. सकाळी जमणार नसेल तर हे संध्याकाळी करा आणि सकाळी सरळ तुम्ही पोहे टाका, कुणाचं काही बिघडत नाही.

एक वही ठेवा. ‘आज परत विसरल्या’ असं लिहू नका. असं लिहा: ‘मंगळवार, सकाळी ८. चहा. पातेलं ठेवलं, पाणी घातलं, साखर घातली, थांबल्या. पुढे काय विचारलं, चहापत्ती घातली. फोन आला, गॅस चालू राहिला. मी दाखवलं, बंद केला.’ आठ दिवसांची अशी वही थेरपिस्टच्या हाती पडली की त्याचं निम्मं काम झालेलं असतं. यजमानांना एका रविवारी ओट्याशेजारी स्टुलावर बसवा. मदत करायची नाही, बोलायचं नाही, वही त्यांनी लिहायची. वाद घालून जे होत नाही ते यातून होईल असं मला वाटतं. नणंदबाईंना दोष देऊ नका. वीस मिनिटांच्या फोनवर त्यांना जी आई ऐकू येते, ती खरीच आहे. त्यांना वहीचं एक पान पाठवा, आणि पुढच्या वेळी इंदूरला येतील तेव्हा चार दिवस स्वयंपाकघरात आईसोबत राहायला सांगा.

राहिली तुमची नोकरी. थेरपिस्टला हा प्रश्न याच शब्दांत विचारा: ‘साडेनऊ ते तीन, या घरात, त्या एकट्या राहू शकतात का?’ अहवालात ‘सौम्य दोष’ असं मोघम लिहून आलं, तर पुन्हा विचारा. दाराची बेल वाजली तर दार कुणाला उघडायचं हे त्यांना ठरवता येतं का, झाकून ठेवलेलं जेवण वेळेवर घेतात का, बाथरूममध्ये पडल्या तर फोन करतील का, नळ चालू राहिला तर लक्षात येतं का. यातलं प्रत्येक काम त्यांच्याकडून करून घेऊन पाहता येतं. कदाचित उत्तर येईल की गॅस बंद असेल आणि साडेबाराला शेजारच्या काकू डोकावत असतील तर हरकत नाही. कदाचित येईल की दोन महिने कुणीतरी सोबत हवं, आणि मग पुन्हा पाहू. झटक्यानंतरचे पहिले काही महिने मेंदू सावरत असतो, त्यामुळे आजचं उत्तर दिवाळीत तेच असेल असं नाही.

ते उत्तर हाती येईपर्यंत राजीनाम्याचा अर्ज लिहू नका.